उंच गाडीचे शाफ्ट

बाबा, या वेळी दोन्ही बाजूंचे शाफ्ट एकदम गेले.

एरवी वर्षाला एक जातो, तोही बहुतेक उजवा. वस्तीवरून डांबरी रस्त्याला लागताना तुमचे दोस्त, काका, स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवतात आणि त्याच वेळी अ‍ॅक्सिलरेटर दाबतात, ही त्यांची सवय तुम्हालाही ठाऊक होती. या ऑगस्टमध्ये मात्र त्यांची गाडी आली ती पुढच्या दोन्ही चाकांतून टकटक वाजत, मागच्या चाकांच्या जोरावर, दुसरबीडच्या बाजूने थेट देऊळगाव राजापर्यंत. वाटेत सिंदखेड राजाला चांगली गॅरेजं लागतात. त्यांच्यासमोरून तशीच वाजत ती आपल्या शटरपाशी येऊन थांबली आणि आईने मला फोन केला, "गाडी आली वं. येते का?" मी रजा टाकली आणि आले. तुम्ही गेल्यापासूनची चौदा वर्षं हे असंच चाललं आहे. सुरुवातीला तुमच्या हाताखाली शिकलेले मिस्त्री येऊन शाफ्ट बदलून जायचे. ते सुरतेला गेल्यापासून मी बदलते.

गॅरेज आता त्या एकाच गाडीसाठी उघडतं. तुमचे जॅक, स्टँड, पान्यांची फळी सगळं जागच्या जागी आहे. आई अधूनमधून झाडून घेते, खड्ड्यात साचलेलं पाणी बादलीने उपसते. मोबाइलच्या दुकानासाठी एकाने जागा मागितली होती, चपलांच्या दुकानासाठी आणखी एकाने. दोघांनाही तिने एकच उत्तर दिलं, "मंग गाडी कुठं लावतीन ते?" वर्षातून दोन-तीन दिवस लागणारी जागा ती बाकीचे सगळे दिवस अडवून बसली आहे, असं मला वाटत आलं. मी वाळूजला एका प्रयोगशाळेत काम करते. गाड्यांचे शाफ्ट यंत्रावर तुटेपर्यंत फिरवायचे आणि कुठला भाग, कुठल्या कोनात, कशामुळे तुटला ते नोंदवायचं, हे माझं काम. सप्टेंबरपासून माझी बदली चेन्नईजवळच्या शाखेत झाली आहे. मला ती हवी होती, मागून घेतली आहे. तिथून, गाडी आली म्हणून रजा टाकून देऊळगावला येता येणार नाही, आणि आईला इथे एकटी ठेवून इतक्या लांब जायचं माझ्या मनात नव्हतं. दोन महिन्यांपासून मी तिला सांगत होते की तू चल, दोन खोल्यांचं घर मिळतंय, गॅरेज देऊन टाकू. ती फोनवर नुसतं हुं म्हणायची आणि मग विचारायची, "पन गाडी आली तं?" म्हणजे माझ्या दृष्टीने मी आईला बांधलेली, आई गॅरेजला, गॅरेज गाडीला, आणि गाडी तुमच्या शब्दाला.

तो शब्द तुम्ही दिलात तेव्हा मी ओट्यावर अभ्यास करत बसले होते. त्या वर्षी काकांच्या वस्तीपुढचा नाला भरून वाहत होता, त्यांच्या वडिलांच्या छातीत दुखत होतं, आणि गाडी पाण्याच्या मधोमध बंद पडली. म्हाताऱ्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवं घालून पलीकडे काढलं, पण दवाखान्यापर्यंत ते पोचले नाहीत. तेरावा झाल्यावर काका आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "इतकी उचलून दे की दारातून पानी आत नाही आलं पाह्यजे." ते ओट्याच्या आत कधी येत नसत. ते पाटलांच्या घरातले, मोठ्या शेतीवाले. आपण विहारात जाणारे. आपल्या घरात ते येऊन बसले असते तर त्यांच्या घरच्यांना चाललं नसतं, हे तुम्ही जाणून होतात. तुम्ही त्यांना कधी आत या म्हटलं नाही, त्यांनीही कधी आत डोकावून पाहिलं नाही, आणि तुमची सगळी दोस्ती त्या चार हात रुंद ओट्यावर झाली. त्याबद्दल तुम्हाला काय वाटायचं ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही पाना मागितला असता.

तुम्ही गाडीचा पुढचा भाग तोलणारे टॉर्शन बार आवळलेत, मागे स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घातलेत, चाकं मोठी चढवलीत. गाडी उंच झाली आणि कुरूप दिसायला लागली, मांडीला धोतर खोचून उभ्या राहिलेल्या माणसासारखी. मग तुम्ही त्यांना स्पष्ट सांगितलंत, "भाऊ, आता हे शाफ्ट खाईन. गाडी वर गेली, पन डिफरन्शियल आन चाक यांच्यातला शाफ्ट तिरपा झाला. तिरपा फिरला की त्याच्या जॉइंटवरचं रबर फाटते, ग्रीस बाहेर जाते, चिखल आत जाते." काका म्हणाले, "खाऊ दे." तुम्ही म्हणालात, "मंग शाफ्ट तुमी आनत जा. बसवाले मी हाय. जोवर गाडी हाय तोवर." मी हाय, असं तुम्ही म्हणालात. तुम्ही नसलात तर काय, हे त्या वाक्यात नव्हतं.

खड्डा तुम्ही गाडीपेक्षा आखूड खणून घेतला होता, कारण शटरच्या आत तेवढीच जागा होती. त्यामुळे आपल्याकडे माणसाने आधी खड्ड्यात उतरायचं आणि मग गाडी वर आणायची, अशी रीत पडली. एकदा गाडी आली की पायऱ्या बंपरखाली जातात आणि ती मागे घेतल्याशिवाय बाहेर येता येत नाही. मी सातवीत आहे. तुमच्यासोबत खड्ड्यात उभी राहून दिवा धरलेला आहे. वरून वाळक्या चिखलाचा खपला निघतो आणि माझ्या डोळ्यांत पडतो. मी म्हणते, मला बाहेर जायचंय. तुम्ही वर बघतच म्हणता, "काम झाल्याबिगर गाडी हालत नाही. रडाचं असन तं रड, पन दिवा हालू देऊ नको." मी रडते आणि दिवा हलू देत नाही. संध्याकाळी चुलीपाशी आई माझ्या डोळ्यांवर ओला पदर धरून बसते आणि तुम्हाला म्हणते, "पोरगी हाय ते, स्टँड नोहे." तुम्ही रॉकेलने हात धुताय, मान खाली. पुढच्या बाजारातून तुम्ही माझ्यासाठी बिननंबरचा चष्मा आणलात, तपकिरी काड्यांचा. मला तो इतका आवडला की मी शाळेतही घालून गेले. बाईंना वाटलं मला नंबर लागला, त्यांनी मला पहिल्या बाकावर बसवलं. मी काही बोलले नाही आणि वर्षभर तिथेच बसले. त्या वर्षी गणितात मी वर्गात पहिली आले, त्याचं श्रेय कोणाला द्यायचं ते ठरवणं अवघड आहे.

या वेळीही रीत तीच. गाडी बाहेर उभी असताना चाकांच्या मधल्या हबचे नट ढिले करून ठेवले, मग खड्ड्यात उतरले, आणि आईने हाताने खुणा करत काकांना गाडी वर घ्यायला लावली. काकांनी जॅक लावला, मी खालून सांगत गेले तसे स्टँड लावले, दोन्ही पुढची चाकं काढून भिंतीला टेकवली. त्यांचं वय आता साठीच्या पुढे गेलं आहे, पण चाक उचलताना अजून कोणाला हात लावू देत नाहीत. दोन्ही बाजूंची रबरं फाटलेली होती. उजव्या जॉइंटमधला गोळ्यांचा पिंजरा तडकला होता, डाव्यातून एक गोळी माझ्या हातावरच पडली, खरबरीत, बोराच्या बीसारखी. मी ब्रेकचा कॅलिपर तारेने वर बांधला, आतल्या बाजूचे बोल्ट काढले, शाफ्ट हबमधून मागे ओढला आणि सवयीने हबच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं.

पाण्यातून जाणाऱ्या गाडीच्या त्या खोबणीत गाळ साचतो. बारीक असतो, वाळल्यावर पिठासारखा होतो. या गाडीतून तो दरवर्षी निघायचा, मी खरडून काढायचे. या वेळी तिथे मुरमाची लाल धूळ होती आणि डांबराचे बारीक थेंब होते. मी टॉर्च घेऊन दाराखालचा पत्रा पाहिला. पाण्याची रेघ नव्हती. मग आठवलं की मागच्या वर्षीही गाळ निघाला नव्हता, पण तेव्हा पाऊस कमी झाला म्हणून असेल, असं समजून मी सोडून दिलं होतं.

"काका, गाडी नाल्यातून नाही जात का आता?" मी खालून विचारलं.

मला त्यांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. त्या जरा मागे सरकल्या.

"पूल झाला ना माय," ते म्हणाले.

"कधी?"

"झाले असतीन दोनक वर्सं."

मला राग आला नाही. पहिल्यांदा हायसं वाटलं, ते खरं सांगते. टॉर्शन बार आवळायचे बोल्ट माझ्या डोक्यावर, हाताच्या अंतरावर होते. ते ढिले केले की पुढचा भाग खाली येतो, मागचे ठोकळे काढले की मागचा. शाफ्ट पुन्हा जवळजवळ सरळ होतात आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्याकडे पाहावं लागत नाही. गाडी दरवर्षी येणार नाही. शटर कोणालाही देता येईल. आईचा प्रश्नच संपला. मी मोठा पाना घेतला आणि उजव्या बोल्टला लावला. तो लागल्याचा आवाज त्यांनी ओळखला.

"काय खोलून राह्यली?"

"गाडी खाली घेते. पूल आहे तर उंची कशाला?"

"ते नको खोलू."

"का?"

"तुह्या बाबानं ठेवली तशी राहू दे."

"काका, उंचीमुळेच शाफ्ट जातात."

"मले माहीत हाय. त्यानं सांगतलं होतं ना मले, हे शाफ्ट खाईन म्हनून."

मग ते खड्ड्याच्या काठाशी उकिडवे बसले. मला त्यांचे गुडघे दिसले आणि गुडघ्यांवर ठेवलेले हात. तोंड दिसत नव्हतं, म्हणून असेल, पण ते बोलायला लागले. मला जायला जागा नव्हती. गाडी स्टँडवर होती, चाकं भिंतीशी होती, पायऱ्या बंपरखाली.

"तुहे बाबा जालन्याले दवाखान्यात होते तवा मी गेलतो पाह्याले. म्हने, भाऊ, घराकडं येत जाजा. म्या म्हटलं, हाव. बोलाले सोपं हाय ते. पन असंच कसं यावं माय? आमच्या घरचे इचारतीन, तिकडं काय काम काढलं. तुमच्या गल्लीतले पाहतीन. वहिनी एकटी हाय घरात. गाडी बिघडली म्हटलं की कोनी काही इचारत नाही. दोन दिवस येतो, ओट्यावर बसतो, घरात काय हाय काय नाही ते दिसते. तू येते, तुहं तोंड दिसते. गाडी सुदरली तं मी काय म्हनून येऊ इथं?"

"म्हणजे शाफ्ट तुम्ही मुद्दाम तोडता?"

"मुद्दाम कायले? तो तुटते. मी तुटू देतो फक्त."

मी पाना बोल्टवरून काढला नाही आणि फिरवलाही नाही.

"पुलाचं वहिनीले नको सांगू," ते म्हणाले. "तिले वाटन, मी उगाच तरास देऊन राह्यलो."

प्रयोगशाळेत आमच्या तक्त्यात बिघाडाचं कारण लिहायला एक रकाना असतो. तिथे लिहायचे शब्द ठरलेले आहेत: कोन, भार, गंज, वंगण. मी खड्ड्यात उभी राहून इतकी वर्षं तिथे 'कोन' लिहीत आले होते. बाबा, तुम्ही एक शब्द दिलात तो आम्हाला माहीत होता. दुसरा तुम्ही काकांकडून घेतलात, तो तुम्ही कोणाला सांगितला नाहीत. दोन माणसं एकमेकांना न विचारता ते दोन्ही पाळत बसली, आणि त्यांच्यामध्ये खालच्या बाजूला मी होते, दरवर्षी नवा शाफ्ट बसवत. तुमच्यावर चिडायचं तर तुम्ही यात नेमकं कुठे चुकलात तेही मला दाखवता येत नाही. त्याने जास्तच चिडले.

त्यांचं ऐकून मी आईला सांगितलं नसतं. पण मला तिला सोबत न्यायचं होतं, आणि तिला अडवणारी एकच गोष्ट आता उरली नव्हती. दुपारी जुनेच शाफ्ट आणि चाकं तात्पुरती चढवून गाडी मागे घेतली आणि मी वर आले, तेव्हा आई भाकरी थापत होती. घरात गेल्यावर माझी भाषा आपोआप बदलते, ते मी थांबवत नाही.

"आई, नाल्यावर पूल झाला त्यायच्या."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"तुले कसं माहीत?"

"त्या साली मेहकरले लग्नाले गेली ना मी यष्टीनं. त्याच्याच वस्तीच्या फाट्यावरून जाते ते. दिसला ना पूल. चांगला रुंद बांधला."

"मंग तू काऊन बोलली नाही?"

"कोनाले? त्याले? तो बिचारा एवढी टकटक वाजत येते, त्याले सांगू का, भाऊ, पूल झाला तुमचा, आता नका येऊ?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती, म्हणजे फक्त डोळ्यांनी, तुम्हाला माहीत आहे ते.

"मंग आता काय अडचन हाय?" मी म्हणाले. "गाडीले उंची लागत नाही. शाफ्ट तुटनार नाही. तू चाल माह्यासंगं. कायले अडकून पडली इथं?"

"अडकून?" तिने भाकरी उलटवली. ती फुगू दिली. "मी काय अडकली का इथं? मी राह्यते इथं. विहारात बाया येतात, बसतो. शटर उघडलं की गल्लीतले इचारतात, कोनाची गाडी आली वं. तिकडं मले कोन काय इचारनार हाय? तुह्या दोन खोल्यांत दिवसभर पंखा पाहू का? तू जाय. तुले जा वाटते तं जाय. तुले म्या कधी अडवलं का?"

तिने अडवलं नव्हतं. ती फक्त विचारायची, गाडी आली तर काय, आणि त्याचा अर्थ मी लावला होता. ती भाकरी मी ओट्यावर नेऊन काकांना दिली. त्यांनी ती चटणीसोबत खाल्ली आणि विचारलं, "वहिनीले नाही सांगतलं ना?" मी म्हणाले, नाही.

त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं की या सगळ्यात अडकलेली मी एकटीच आहे. बाकी दोघं आपापल्या जागी बरी आहेत. मी गेले तर शाफ्ट तुटतील आणि बदलायला कोणी नसेल, मग काका कुठल्या तरी परक्या गॅरेजात जातील आणि इकडे यायचं बंद होईल. मी गाडी खाली घेतली तर शाफ्ट तुटणार नाहीत आणि इकडे यायचं तरीही बंद होईल. मी राहिले तर सगळं ठीक चालेल. कुठूनही मांडलं तरी शेवटी खड्ड्यात मीच उरत होते.

दुसऱ्या दिवशी गाडी तशीच शटरबाहेर ठेवून मी सकाळच्या बसने जालन्याला गेले. लेथवाल्याकडे बसून लोखंडाची तीन गोल पॅकिंग करून घेतली, इंचभर जाडीची, आणि त्यांना पुरतील असे लांब बोल्ट शोधले. तुम्ही चाकं आणि सांगाडा यांच्यातलं अंतर वाढवलं होतंत, पण दोन्ही चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शियल होतं तिथेच, सांगाड्याला वर चिकटलेलं राहिलं होतं. ते तीन जागी बसवलेलं असतं. परत आल्यावर पुन्हा खड्ड्यात उतरून त्या तिन्ही जागी पॅकिंग घालून मी ते इंचभर खाली घेतलं. गाडीची उंची तुम्ही ठेवली तेवढीच राहिली आणि शाफ्टचा कोन मात्र कमी झाला. हे तुम्हाला सुचलं नाही, की सुचलं आणि नाल्यातले दगड डिफरन्शियलला लागतील म्हणून तुम्ही केलं नाही, ते मला माहीत नाही. मी पूल झाल्यावरची आहे, एवढाच फरक असेल. मग नवे शाफ्ट चढवले, हबचे नट मापाने आवळले, नवी रबरं हाताने दाबून पाहिली. गाडी मागे घेतली आणि मी पायऱ्या चढून बाहेर आले तेव्हा काका ओट्यावर होते आणि आई चहा घेऊन दारात उभी होती.

"आता हे शाफ्ट नाही तुटायचे," मी त्यांना सांगितलं.

"नाही म्हंजे? किती दिवस?"

"पाच-सात वर्षं तरी."

"अरे बाप," काका म्हणाले, आणि चहाचा ग्लास हातात फिरवत राहिले. गाडी बरी झाल्याचं ऐकून इतका पडलेला चेहरा मी कोणाचा पाहिला नाही.

"पन ग्रीस तं लागन ना इले?" आई म्हणाली. ती काकांकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती.

गाडीच्या मधल्या लांब शाफ्टला ग्रीस लागतं हे खरं आहे. त्यांच्या चालवण्याला वर्षातून दोनदा पुरतं. काकांच्या घरी ट्रॅक्टर आहे, ते जन्मभर स्वतः ग्रीस मारत आलेत.

"लागेल," मी म्हणाले. "दर महिन्याला. आणि ते घरी नाही जमायचं, खड्ड्यावर घेऊनच करावं लागेल."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाने पुसत होते.

"महिन्याला," ते म्हणाले.

"महिन्यानं काय होते?" आई म्हणाली. "काया मातीतली गाडी हाय. पंधरा दिवसानं दाबू. बाजाराच्या दिवशी आनत जा, तसेही येताच तुमी बाजाराले. ग्रीसगन कुठं हाय मले माहीत हाय."

"तुमाले येते का वहिनी?"

"एवढी वर्सं काय मी नुसता चहाच केला का या घरात?"

काका हसले. "हाव," म्हणाले, "तं मंग पंधरा दिवसानं." चाळीस वर्षं ग्रीसगन हातात धरलेल्या माणसाने हे मान्य केलं आणि कोणीच कोणाला काही विचारलं नाही. मला उगाच वाटलं की मीही आता त्या दोघांच्यातली झाले. तुम्ही गिऱ्हाइकाला असं काही सांगितलं नसतंत. तुम्ही असतात तर तशी गरजही पडली नसती.

मी निघाले तेव्हा आई बसस्टँडवर आली. मी नको म्हटलं होतं. जालन्याची बस उभी होती, कंडक्टर खाली चहा पीत होता. खिडकीखाली उभी राहून ती म्हणाली, "तं आता पावसाळ्यात तुहं काम नाही राह्यलं इथं."

"दिवाळीला येईन."

"दिवाळीले तं सगळेच येतात," ती म्हणाली.

तिने ते सहज म्हटलं, तक्रार म्हणून म्हटलं नाही. मी इतकी वर्षं रजेच्या अर्जावर 'घरगुती काम' लिहून येत होते. काम होतं म्हणून येत होते. फाटलेलं रबर, तडकलेला पिंजरा, दोन दिवस, आणि परत. त्या दोन दिवसांत ती माझ्यासाठी भाकरी करायची, मी बोटांतलं ग्रीस काढत चुलीपाशी बसायचे, आणि आम्ही गाडीबद्दल बोलायचो. गाडी नसती तर आम्ही कशाबद्दल बोललो असतो ते मला माहीत नाही. मला सुटायचं होतं आणि मी ते नीट, मापात, तीन पॅकिंग घालून करून घेतलं होतं. बस सुरू झाली.

मी खिडकीतून वाकून तिला सांगितलं, "आई, त्या पॅकिंगचे बोल्ट वर्षातून एकदा तपासावे लागतील. ते मलाच करावं लागेल. पावसाळ्यात येईन मी."

"लागन तं येजो," ती म्हणाली आणि मागे सरकली, बस वळायला जागा हवी म्हणून.

हे मी वाळूजच्या खोलीत लिहिते आहे, सामान बांधून झालं आहे, उद्या निघायचं आहे. हे कागद सोबत नेणार नाही आणि घरीही ठेवणार नाही. आईच्या हाती लागले तर तिला बोल्टांचं कळेल. ते मी डबल नट लावून आवळले आहेत, बाबा. त्यांना काही होत नाही.